पाऊण तास माझा

६ जानेवारी

ठरलं! रोज पाऊण तास वाचायचं. अभ्यासाचं नाही — गोष्टीचं.

तीन वर्षांत शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं एक पुस्तक आठवेना. गाइडं मात्र पलंगाखाली मावत नाहीत. दादाने दोन वाढदिवसांपूर्वी पाठवलेली कादंबरी आज ट्रंकेतून काढली. सहाशे बारा पानं. वरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलं नव्हतं मी — लाज वाटली. आत त्याचं अक्षर : 'वेळ मिळेल तेव्हा वाच.' कुठला मिळतोय वेळ! दिसेल तिथून उचलायचा.

शेवटचं सेमिस्टर. चार पेपर, नोकरीचे इंटरव्ह्यू, शिवाय प्रोजेक्ट आणि त्याचा ऐंशी पानी अहवाल. हॉस्टेलच्या मजल्यावरच्या सगळ्या आत्तापासून डोकं धरून बसल्यात. मी नाही बसणार. मला जमेल. मला जमतंच.

मोजपट्टीला सांगितलं. माझी रूममेट, प्रोजेक्टमधली जोडीदारही तीच. तिचं खरं नाव आता कुणी घेत नाही, मग इथे तरी कशाला? वहीतला समास पट्टीने आखते. चादर दोन्हीकडून सारखी लोंबते का ते वाकून बघते. ती म्हणाली, "पाऊण तास म्हणजे आठवड्याचे सव्वापाच. सेमिस्टरचे नव्वद! नव्वद तासांत एक अख्खा विषय निघतो गं."

"निघू दे," म्हटलं. "मी त्यात पुस्तक काढणार."

८ जानेवारी

खोलीत वाचायला बसले. पहिल्या पानावर नदी आली, दुसऱ्यावर होडी. तिसऱ्या पानावर शेजारची आली — स्टेपलर आहे का? मग तिची मैत्रीण — ती इकडे आलीय का? मग पाणी गेलं म्हणून सगळा मजला बादल्या घेऊन पळाला. मीही पळाले.

पानं : अडीच.

९ जानेवारी

लायब्ररी. तिथे तर आणखी कहर! माणूस पुस्तक घेऊन बसला की लोकांना वाटतं याच्याकडे नोट्स असणार. एकाने मागून वाकून बघितलं आणि कुजबुजला, "हे सिलॅबसमध्ये आहे?" शपथेवर सांगते, त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

१० जानेवारी

आईचा फोन. जेवलीस का, झोपलीस का, केस विंचरतेस का. मग मी चुकून पुस्तकाचं बोलले. "शेवटचं सेमिस्टर आहे आणि आता कसली गोष्टीची पुस्तकं वाचतेस? आधी पास हो, मग वाच हवी तेवढी." म्हटलं, आई, पहिल्या वर्षीही तू हेच म्हणाली होतीस. यावर ती हसली. मग, "कशाबद्दल आहे?"

"तीन बहिणी. नदीवर होडी चालवतात."

"बायका?"

"हो."

"बरं," म्हणाली. आणि परत केसांवर आली.

१३ जानेवारी

सापडली!! जागा सापडली!

काँक्रीटच्या प्रयोगशाळेमागची टाक्यांची खोली. आम्ही काँक्रीटचे ठोकळे बनवतो ते तिथे पाण्यात बुडवून ठेवतात, मुरायला — सात दिवस, अठ्ठावीस दिवस. चार सिमेंटच्या टाक्या, वर एक झरोका, गार हवा. ठोकळे ठेवायला आणि काढायलाच लोक येतात. एरवी शुकशुकाट. आणि ठोकळे स्टेपलर मागत नाहीत!

प्रयोगशाळेतल्या काकांना विचारलं — बसू का इथे रोज, सव्वाचार ते पाच? काका बोलायला फार जड. चष्म्यावरून पाहिलं. "पाण्यात पडू नका," म्हणाले. परवानगी.

उपडी क्रेट, त्यावर गोणपाटाची घडी. सतरा पानं. सतरा!

१५ जानेवारी

आमच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला : '४.१५ ते ५ — मी मेले आहे असे समजावे.' फोन खोलीत ठेवून जाते. मोजपट्टीला बजावलं, आग लागली तरच हाक मार. तिने विचारलं, "केवढी आग?" आम्ही दोघी पोट धरून हसलो.

२० जानेवारी

आज ठोकळे ओतले. आमच्या प्रोजेक्टमध्ये वाळूतली थोडी वाळू काढून तिच्या जागी फुटक्या काचेचा चुरा घालायचा — दहा टक्के, वीस, तीस — आणि बघायचं, काँक्रीट तेवढंच मजबूत राहतं का. राहिलं तर वाळू वाचली आणि काचही मार्गी लागली. विषय मी सुचवलेला. गाइड मॅडम म्हणाल्या होत्या, "सोपा दिसतो, पण ठोकळे खोटं बोलत नाहीत. नीट करा."

सकाळपासून खोरं, घमेलं, पाणी. चोवीस ठोकळे. एकेक आठ किलोचा! बारा सातव्या दिवशी फोडायचे, बारा अठ्ठाविसाव्या. मोजपट्टी प्रत्येक साच्याची कड बोटाने तपासत होती. मी भराभर भरत गेले. आमची जोडी झकास आहे — मी पुढे ढकलते, ती सरळ ठेवते.

सव्वाचारला माझी वेळ झाली. पसारा बराच होता. ती म्हणाली, "जा तू, मी आवरते." गेले. मधल्या बहिणीने होडी उलटवली!!

२७ जानेवारी

सात दिवसांचे बारा फोडले. मशीन हळूहळू दाबत जातं, काटा चढतो चढतो, आणि ठोकळा 'खट्' करून हार मानतो. काचवाले साध्यापेक्षा वरचढ! वीस टक्के तर मस्तच. मी मशीनपाशीच नाचले. काकांनी चष्मा पुसला.

३ फेब्रुवारी

पान १५१. सात टेस्टा तुंबल्या होत्या, त्यातल्या दोनच राहिल्यात. सगळ्या विचारतात, तुला कसं जमतं गं? म्हटलं, मनात आणावं लागतं.

आईला आता गोष्ट सांगावी लागते. "मग धाकटीचं काय झालं?" हा तिचा पहिला प्रश्न. जेवलीस का, हा दुसरा.

१० फेब्रुवारी

मोजपट्टीची चिडचिड. वर्गाची प्रतिनिधी ती, इंटरव्ह्यूंची यादी तिच्याकडे, कुणाचा फॉर्म चुकला तर दार वाजतं तेही तिच्यासाठी. आज जेवताना सहा जणी येऊन तिला काही ना काही विचारून गेल्या. भाजी तशीच राहिली.

म्हटलं, "तूही माझ्यासारखं ठरवून टाक ना — इतका वेळ माझा म्हणजे माझा."

"हो," म्हणाली. "ठरवते."

लोकांना साध्या गोष्टी का जमत नाहीत कळत नाही.

१७ फेब्रुवारी

आज अठ्ठाविसावा दिवस. दुपारी साधे आणि दहा टक्क्यांचे मिळून सहा फोडले, ताकद बत्तीस-तेहतीसच्या आसपास. छान. वीस आणि तीस टक्क्यांचे सहा राहिले आणि घड्याळात सव्वाचार. मी घुटमळले — खोटं कशाला सांगू, अर्धं मिनिट घुटमळले. मोजपट्टी म्हणाली, "जा. उरलेले मी फोडते."

टाक्यांच्या खोलीत ज्युनिअर मुलांनी चिखल केला होता, म्हणून गच्चीवर जाऊन वाचलं. चोवीस पानं! सव्वापाचला खाली आले तर रजिस्टर भरून तयार. सुंदर अक्षरात सहा आकडे. वीस टक्के — पस्तीस. तीस टक्के — चौतीस!

जिंकलो आपण!!

२१ फेब्रुवारी

गाइड मॅडमनी आलेख बघितला आणि खुर्चीतून उठल्याच. "इतकी स्वच्छ रेषा? तीस टक्क्यांनाही पडत नाही?" विद्यार्थ्यांची परिषद आहे एप्रिलच्या शेवटी, तिथे निबंध पाठवायचा म्हणाल्या. सारांश मी एका बैठकीत लिहिला. मोजपट्टीने स्वल्पविराम तपासले. फार काही बोलली नाही. म्हटलं, अगं हस की! हसली.

६ मार्च

निबंध घेतला त्यांनी! मॅडम प्रत्येक स्टाफरूममध्ये सांगत सुटल्यात. पान ३४०. मी रोज वाचते, झोपते, आणि तरी सगळ्यांच्या पुढे आहे. कुणी विचारलं तर सांगेन, शिस्त.

११ मार्च

हात अजून गार आहे.

पान ३७१. पेन्सिल निसटली आणि टपकन टाकीत. खाली गेली ती दिसेना. बाही वर करून हात घातला, तर बोटांना ठोकळे लागले. वाकून बघितलं. लाल ऑइलपेंटची अक्षरं — माझीच. मीच रंगवली होती. वीस टक्क्यांचे तीन. त्यांच्या पलीकडे तीस टक्क्यांचे तीन. सगळ्यांवर २८.

अख्खे. एकालाही चरा नाही.

काकांना बोलावलं. ते म्हणाले, "तुमचेच ना ते? मी म्हटलं, नेताय कधी."

पेन्सिल नाही सापडली.

१२ मार्च

कालची संध्याकाळ गप्प राहिले. आज वाचलं नाही. दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा म्हटलं, "ते सहा अजून टाकीत आहेत."

तिचा हात थांबला नाही. "माहितीये."

"माहितीये?"

"तेवीस दिवस झाले. रोज वाटायचं, आज तू बघशील. त्यांच्यापासून दोन हातांवर तर बसतेस. पण तुझं नाक पुस्तकात."

मला वाटलं होतं रडेल, नाकारेल, काहीतरी करेल. एवढ्या शांतपणे! माझाच आवाज चढला. "मग ते आकडे आले कुठून?"

"सात दिवसांचे होते ना आपल्याकडे. त्यांच्यावरून रेषा पुढे ओढली."

"पट्टीने?"

"पट्टीने."

म्हटलं, का? तर म्हणाली, दमले होते. एवढंच. मी म्हटलं, दमतात सगळेच, म्हणून कोणी आकडे लिहितं? त्या वेळात केलंस काय तू? त्यावर तिने टॉवेल खाली ठेवला.

"सात नंबरच्या वर्गात गेले. रिकामा होता. खिडकीत बसले. काही केलं नाही. समोर एक माणूस शिडीवर चढून पाटी रंगवत होता. त्याचा पहिला हात होऊन दुसरा हात होईपर्यंत बघत बसले. पाऊण तास. जानेवारीपासून तेवढाच बसलेय मी."

"मला सांगायचंस ना! मी आले असते."

"सव्वाचारला? तू मेलेली असतेस तेव्हा."

फार लागलं. मी म्हणाले, खोटं तू लिहायचं आणि नाव माझ्या पुस्तकाचं? वा! आणि दार आपटून बाहेर आले. बाहेर आल्यावर कळलं, पायात तिची चप्पल आहे.

१३ मार्च

चूक तिची आहे. यात दोन मतं नाहीत. कितीही दमलं तरी आकडे लिहायचे नसतात.

प्रयोगशाळेत गेले, साचे बघायला — परत ओतायचं झालं तर लागतील. लखलखीत धुतलेले, तेल लावून ओळीत. काकांना म्हटलं, छान ठेवलेत तुम्ही. काकांनी मान हलवली. "मी नाही. ती दुसरी. ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी ठोकळे काढून चोवीसच्या चोवीस एकटीने धुतले. अंधार पडायला आला होता."

मग म्हणाले, "तुम्ही सव्वाचारला जाता ना."

टोमणा नव्हता. काका टोमणे मारत नाहीत. टोमणा असता तर बरं झालं असतं.

ओतले त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलंय — मधल्या बहिणीने होडी उलटवली, दोन उद्गारचिन्हं. आज मागची पानं उलटून बघितली. जिथे तिथे 'जा तू'. ती म्हणते जा तू आणि मी जाते. वेळ दिसेल तिथून उचलायचा म्हणाले होते. उचलला. कुणाच्या ताटातून ते बघितलंच नाही.

तरी आकडे लिहायचे नसतात. हे खरंच आहे. दोन्ही खरं आहे.

१४ मार्च

मॅडमकडे दोघी गेलो. मी ठरवलं होतं, बोलायचं मी. "मॅडम, अठ्ठावीस दिवसांचे सहा आकडे खोटे आहेत. ठोकळे फोडलेच नव्हते."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोणी लिहिले?"

मोजपट्टीने तोंड उघडलं. त्याआधी मी म्हणाले, "रजिस्टर आमच्या दोघींचं आहे." यात मी फार मोठं काही केलं असं त्या क्षणी मला वाटलं. अजूनही थोडं वाटतंय.

मॅडम ओरडतील वाटलं होतं. त्या हळू आवाजात बोलल्या, आणि ते जास्त वाईट. "महिनाभर मी हा आलेख दाखवत फिरतेय." आमच्यासमोरच परिषदवाल्यांना फोन लावला, निबंध मागे घेतला. "विद्यार्थिनींची चूक नाही, माझं लक्ष कमी पडलं," म्हणाल्या. फोनवर! मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मग आमच्याकडे वळून : नव्याने ओता, नव्याने मोजा. अहवाल नव्या आकड्यांवर लिहा. आणि रजिस्टरचं एक पानही फाडायचं नाही, खोडायचं नाही.

बाहेर आल्यावर मोजपट्टी म्हणाली, "दोघींचं का म्हणालीस?"

"पाय दुखतायत," म्हटलं. "चल."

१५ मार्च

काका म्हणाले, टाकीतले सहा निदान फोडून तर बघा. फोडले. चोपन्नावा दिवस, म्हणजे अहवालात उपयोग शून्य. तीस टक्के — सत्तावीस. तिने लिहिले होते चौतीस. चोपन्न दिवस मुरूनही सत्तावीस!

मॅडमचं खरं. ठोकळे खोटं बोलत नाहीत.

१८ मार्च

काल परत ओतले. बारा. पुढचं वेळापत्रक मोजपट्टीने आखलं : १४ एप्रिलला अठ्ठावीस दिवस, २२ला अहवाल. मधे पेपर. श्वास घ्यायला जागा नाही.

आणि सव्वाचारचं काय? मी म्हटलं, एक दिवस तुझा, एक दिवस माझा. जिचा असेल तिला कुणी हाक मारायची नाही, तिचं सगळं काम दुसरीने उचलायचं — दारावर येणाऱ्या बायाबापड्यांसकट.

"मला वाचायचं नाहीये," ती म्हणाली. "मला नुसतं बसायचंय."

"बस. दगडासारखी बस. पाऊण तास तुझा."

आज तिचा होता. ठोकळे काढून झाल्यावर साचे मी धुतले. आयुष्यात पहिल्यांदा! काँक्रीट बोटांच्या पेरांत जातं, मग निघत नाही. आणि तो एक बारीक कोपरा असतो, तिथे ब्रशही पोचत नाही. बारापैकी पाच काकांनी परत धुवायला लावले. "तेल," एवढंच म्हणाले. परत तेल.

ती पाचला आली तेव्हा तिचा चेहरा पाहिला. दोन महिने शेजारच्या पलंगावर झोपते आणि हा चेहरा मी विसरले होते.

२४ मार्च

मजल्यावरच्या मुलींना धडा शिकवला. मोजपट्टीचा दिवस होता, मी दारात खुर्ची टाकून बसले. पहिली आली — फॉर्मचा फोटो किती मोठा हवा? म्हटलं, सूचना फळ्यावर लावलीय, डोळे आहेत ना? दुसरी आली — यादीत माझं नाव आहे का? म्हटलं, बघ. तिसरी लांबूनच परत गेली.

उभ्या उभ्या अकरा जणी! रोज अकरा जणी येत होत्या तिच्याकडे. हे मी आत बसून कसं ऐकलं नव्हतं?

आत नव्हतेच मी.

२ एप्रिल

दिवसाआड वाचायचं म्हणजे गोष्ट मधेच थंड होते असं मला वाटलं होतं. उलट आहे. मधल्या दिवशी साचे, आकृत्या, संदर्भांची यादी करता करता त्या बहिणी डोक्यात वल्ही मारत राहतात. पान ४६८.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, पुस्तकावरून बोलेल. ती म्हणाली, "त्या मुलीला घेऊन ये सुट्टीत. झोपू दे इथे."

१४ एप्रिल

फोडले! बाराच्या बारा, दोघींनी मिळून. एक मशीन चालवणार, एक काटा वाचणार, आणि आकडा मोठ्याने उच्चारल्याशिवाय लिहायचा नाही, हा मोजपट्टीचा नियम. काका साक्षीला.

साधे — बत्तीस. दहा टक्के — तेहतीस. वीस टक्के — बत्तीस. तीस टक्के — पंचवीस.

म्हणजे वीसपर्यंत काच चालते, पुढे कोसळते. रेषा सरळ नाहीच, वाकडी आहे. ती आलेख काढत होती. पट्टी बाजूला ठेवली तिने आणि हाताने वळण काढलं.

हे खरं उत्तर आहे. आधीच्यापेक्षा शंभरपट चांगलं, कारण आता कुणी बांधायला घेतलं तर कुठे थांबायचं ते आपण सांगू शकतो. त्या स्वच्छ रेषेवर विसंबून कुणी तीस टक्के घातले असते तर? मशीनपाशी उभी असताना हे डोक्यात आलं.

तिच्याही आलं होतं. "मला हे रोज दिसायचं," म्हणाली.

२२ एप्रिल

अहवाल दिला. ब्याऐंशी पानं. तिन्ही प्रतींचे समास अर्थातच सारखे.

२ मे

संपली कादंबरी! सहाशे बारा!

आईला फोन करून शेवट सांगितला. तिला पटला नाही. "मी असते तर होडी विकली नसती."

५ मे

उद्या तोंडी परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार, मोठ्या चाचणी प्रयोगशाळेचे प्रमुख, पुलांचे ठोकळे तपासतात म्हणे. रजिस्टर उघडलं तर दोन खेपा दिसणारच. उत्तर मी तयार ठेवलंय — पहिल्या वेळचे साचे वाकडे निघाले, म्हणून परत ओतलं. छोटं, साधं, संपलं. मोजपट्टीला सांगितलं, "बोलायचं मी. तू फक्त आलेख दाखव." तिने मान हलवली.

मला भीती वाटत नाही. बोलण्यात मला कोण हरवणार?

६ मे

पांढरे केस, बाह्या दुमडलेल्या, आवाज एकदम मऊ. पंधरा मिनिटं आलेखावर विचारलं. मी खणखणीत उत्तरं दिली. मग रजिस्टर ओढलं आणि मागची पानं उलटत गेले. "ही जानेवारीतली खेप. आकडे तर फार छान आहेत. मग परत का केलंत?"

मॅडम टेबलाकडे बघत होत्या. माझं उत्तर जिभेवर तयार. मी 'सर, साचे —' एवढं म्हटलंसुद्धा.

मोजपट्टी म्हणाली, "सर, ते आकडे मी लिहिले. ठोकळे न फोडता."

पंखा केवढ्याने वाजतो त्या खोलीत!

"किती ठोकळे?"

"सहा."

"कसे लिहिले?"

"सात दिवसांच्या आकड्यांवरून रेषा ओढली. खरे आकडे असे ओळीत येत नाहीत, एखादा तरी चुकार असतो. माझ्यात एकही नव्हता. त्यावरून ओळखता येतं."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "आणि तुम्ही कुठे होतात?"

"वाचत होते," म्हटलं.

"काय?"

"कादंबरी."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "या तुम्ही," म्हणाले.

जिन्यात मी तिच्यावर भडकले. सगळं सुरळीत चाललं होतं! काय गरज होती? ती पायरीवर बसली. म्हणाली, "तू 'साचे' म्हणालीस ना, तेव्हा मला ते धुतलेले साचे दिसले. एकही वाकडा नव्हता गं."

७ मे

गुण जातील ते जातील. मला कुठेतरी नोकरी लागेलच — ज्या परीक्षकांसमोर मी पंधरा मिनिटं तशी बोलले ते विसरायचे नाहीत. मॅडमही म्हणाल्या, उत्तरं चांगली दिलीस.

आज पाऊण तास तिचा होता, माझा उद्या. नवीन पुस्तक हवं.

११ मे

चार वाजता मॅडमनी बोलावलं. परीक्षकांचा फोन आला होता. त्यांच्या प्रयोगशाळेत एक जागा आहे, एका मुलीला बोलावलंय, सोमवारपासूनच. म्हणाले, खोटा आकडा कसा दिसतो हे जिला माहीत आहे आणि जी ते तोंडाने सांगते, ती मला मशीनपाशी हवी. मी विचारलं, "मॅडम, किती वाजता जायचं?" मॅडम म्हणाल्या, "तू नाही गं."

धावत हॉस्टेलवर आले. खोलीत ती खिडकीत बसलेली, पाठमोरी. सव्वाचार वाजले होते आणि आज दिवस तिचा होता. दार हळूच ओढून घेतलं आणि पाचपर्यंत बाहेर उभी राहिले. मग सांगितलं.